लेखी कारण मागा: बोलणं, छापणं आणि माहिती मागणं याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती अधिकाराच्या शिबिरांत आणि तालुक्याच्या बातमीदारांच्या गप्पांत जे प्रश्न सतत येतात, ते मी वहीत लिहून ठेवतो. त्या वहीतले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे धास्तीतून विचारलेले आहेत. कुणाला नोटीस आलेली असते, कुणाला ‘साहेबांनी नाही म्हटलंय’ एवढंच ऐकवून परत पाठवलेलं असतं. माझा पहिला सल्ला सगळ्यांना एकच असतो. नकार तोंडी घेऊ नका, कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लिहून मागा. हे इतकं महत्त्वाचं का, ते पुढच्या उत्तरांत ठिकठिकाणी दिसेल. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य घटनेत नेमकं कुठे आहे? ते सगळ्यांना आहे का?

अनुच्छेद १९(१)(क) मध्ये. तिथे शब्द आहे ‘सर्व नागरिक’. जगण्याचा आणि कायद्यापुढे समानतेचा हक्क भारतात असलेल्या प्रत्येक माणसाला आहे, पण बोलण्याचा हा हक्क फक्त भारतीय नागरिकाला. तो सरकारविरुद्ध वापरायचा हक्क आहे. तुमची प्रतिक्रिया एखाद्या संपादकाने छापली नाही, तर त्याने तुमचा घटनात्मक हक्क मोडला असं होत नाही.

२. मग सरकार बोलणं अडवू शकतं ते कशाच्या जोरावर?

अनुच्छेद १९(२) मध्ये आठ कारणं दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. ‘सरकारची प्रतिमा मलिन होते’, ‘अधिकाऱ्यांचं मनोधैर्य खचतं’ ही कारणं त्यात नाहीत. शिवाय बंधन कायद्याने घातलेलं हवं आणि ते वाजवी हवं. एखाद्या साहेबांची मर्जी म्हणजे कायदा नव्हे.

यादी सुरुवातीला इतकी लांब नव्हती. १९५० साली मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात येण्यास बंदी घातली. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण तेव्हा घटनेतच नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं वाढवली. त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही आणला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तो शब्द नसता तर पुढच्या सत्तर वर्षांतले निम्मे खटले नागरिक हरले असते असं माझं मत आहे.

३. घटनेत ‘वृत्तपत्र स्वातंत्र्य’ हा शब्दच नाही म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. संविधान सभेत हा मुद्दा निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका अशी होती की वृत्तपत्र म्हणजे नागरिकच. संपादक लिहितो तेव्हा तो स्वतःचा बोलण्याचा हक्क वापरत असतो, म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरज नाही. त्यामुळे ओळखपत्र असलेल्या पत्रकाराला तुमच्यापेक्षा वरचढ असा घटनात्मक हक्क नाही, आणि ओळखपत्र नसलेल्या गावच्या बातमीदाराला कमीही नाही.

या हक्काला सर्वात मोठं बळ एका मराठी दैनिकाच्या खटल्याने दिलं, आणि तो खटला आपल्याकडेच विसरला गेला आहे. केंद्र सरकारने १९५६ साली वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला. १९६० साली त्याखाली आदेश निघाला: ठरावीक किमतीला ठरावीकच पानं, जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. मोठ्या वृत्तपत्रांनी छोट्यांना गिळू नये, असा हेतू सांगितला गेला. नानासाहेब परुळेकरांचा पुण्याचा ‘सकाळ’ कमी किमतीत जास्त पानं देत होता. आदेश पाळायचा तर पानं कापायची किंवा किंमत वाढवून वाचक गमवायचे, यातलं एक करावं लागणार होतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. किती पानं छापायची आणि ती किती लोकांपर्यंत पोहोचवायची, हाही बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. हेतू चांगला असला तरी तो प्रश्न २ मधल्या यादीत बसला पाहिजे, आणि ‘स्पर्धेचं नियमन’ त्या यादीत नाही. मला या खटल्यातली एक गोष्ट फार आवडते. वृत्तपत्राबरोबर त्याच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या. वाचकाचाही यात हक्क आहे, हे म्हणणारे लोक माहिती अधिकाराच्या कायद्याआधी चव्वेचाळीस वर्षं आपल्यात होते.

४. आमदार सभागृहात कुणालाही चोर म्हणतो, त्याला काही होत नाही. मी तेच चौकात म्हटलं तर केस. हा भेदभाव नाही का?

वाटतो तसा, पण दोघांचे हक्क वेगळ्या उगमातून आले आहेत. तुमचा हक्क अनुच्छेद १९ मधला आहे आणि त्यावर आठ बंधनं आहेत. खासदाराचा हक्क अनुच्छेद १०५ मधला आणि आमदाराचा १९४ मधला. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी आणि दिलेल्या मतासाठी त्याला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण कामकाजात बोललेल्या ‘कोणत्याही’ गोष्टीला आहे, असं स्पष्ट केलं. मंत्र्याला भर सभागृहात जाब विचारताना अब्रूनुकसानीच्या दाव्याची भीती नसावी, हे त्यामागचं कारण. ही पद्धत वेस्टमिन्स्टरहून, म्हणजे ब्रिटिश संसदेतून, आली आणि संसदीय लोकशाही असलेल्या बहुतेक देशांत ती आहे.

याला मर्यादाही आहेत. न्यायाधीशांच्या कामातल्या वर्तनावर सभागृहात चर्चा करता येत नाही, अपवाद फक्त संसदेतल्या पदच्युतीच्या ठरावाचा. अध्यक्षांना सदस्याचे शब्द कामकाजातून काढून टाकता येतात. आणि ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुना निकाल बदलून सांगितलं की लाच घेऊन मत दिलं किंवा भाषण केलं, तर हे संरक्षण मिळणार नाही. तोच आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर येऊन कॅमेऱ्यासमोर बोलला, तर तो तुमच्यासारखाच साधा नागरिक.

५. सभागृहातलं भाषण आम्ही जसंच्या तसं छापलं, तर आमच्यावर बदनामीची केस होऊ शकते का?

वृत्तान्त मुळाशी खरा असेल आणि त्यात द्वेषबुद्धी नसेल, तर नाही. अनुच्छेद ३६१क हे संरक्षण वृत्तपत्राला आणि प्रसारणाला देतो. गुप्त बैठकीच्या वृत्तान्ताला ते लागू नाही.

हे संरक्षण सहज मिळालेलं नाही. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून १९५६ साली तसा कायदा करून घेतला. आणीबाणीत तो रद्द झाला. १९७७ मध्ये परत आला, आणि पुन्हा कुणी सहज पुसू नये म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या विधिमंडळांसह ते थेट घटनेतच बसवलं. इंग्लंडमध्ये तर १७७१ पर्यंत कॉमन्स सभेचा वृत्तान्त छापणाऱ्या मुद्रकांना पकडायला माणसं पाठवली जात. लंडन शहराच्या कारभाऱ्यांनी मुद्रकांची बाजू घेतली, त्यासाठी खुद्द महापौर टॉवरच्या तुरुंगात गेले. त्यानंतर मुद्रकांच्या वाटेला जाणं थांबलं.

अडचणीची जागा कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांची आहे. ते शब्द अधिकृत नोंदीत उरत नाहीत, त्यामुळे ते छापणं हक्कभंग ठरू शकतो (प्रश्न ६). पाटण्याच्या ‘सर्चलाइट’च्या संपादकांवर बिहार विधानसभेने याच कारणासाठी कारवाई सुरू केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली नाही. आज प्रक्षेपण थेट असतं, शब्द काढण्याआधीच लाखो लोकांनी ऐकलेले असतात. तरी छापताना दिवसअखेरची नोंद पाहा. आणि तुम्ही बातमीऐवजी स्वतःच्या चॅनेलवर निवडक तुकडे जोडून टाकत असाल, तर हे संरक्षण आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

६. हक्कभंग म्हणजे नक्की काय? त्याची यादी कुठे मिळेल?

हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या किंवा त्याच्या सदस्यांच्या विशेषाधिकारांचा भंग. त्याची यादी मिळणार नाही, कारण ती नाही. हे विशेषाधिकार कोणते, ते कायद्याने ठरवावं असं घटना म्हणते. संसदेने किंवा कोणत्याही विधानसभेने तसा सर्वंकष कायदा आजवर केलेला नाही. बोलण्यावरची बंधनं लेखी आणि मोजकी असावीत, असा नियम नागरिकांना लावणाऱ्या देशात सभागृहाचा हा अधिकार मात्र अलिखित राहिला आहे. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते दरवेळी सांगतो. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह यांना हक्कभंगासाठी तुरुंगात पाठवलं. उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तर विधानसभेने न्यायाधीशांनाच पकडून आणायचा ठराव केला. अखेर राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवावं लागलं. सभागृहाची शिक्षा न्यायालय तपासू शकतं, हे तेव्हा ठरलं.

७. फेसबुकवर पोस्ट टाकली म्हणून अटक होते का अजून?

ज्या कलमाने ती सर्रास होत होती, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आता नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती पसंत केली. दोघींना अटक झाली. त्यातून निघालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ पूर्ण रद्द केलं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ अशा शब्दांना काही माप नाही, असं न्यायालयाने म्हटलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि कायदा फक्त तिसरीवर हात घालू शकतो, ही त्या निकालातली सर्वात उपयोगी मांडणी.

तरीही पोलीस ठाण्यांत हे कलम वर्षानुवर्षं लागत राहिलं. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून तक्रार झाली तर कलमं लिहून घ्या. भारतीय न्याय संहितेतली, म्हणजे नव्या दंडसंहितेतली, इतर कलमं लागू शकतात. दोन समाजांत तेढ वाढवणारं लिहिलं असेल, तर ‘अभिव्यक्ती’ म्हणून सुटका नाही.

८. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. दुसऱ्या कुणी काही टाकलं तर मी जबाबदार?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे सांगितलं. तो मजकूर टाकण्यात तुमचा सामाईक हेतू होता, हे दाखवावं लागतं. ॲडमिन सदस्य घेऊ आणि काढू शकतो, पण पोस्ट येण्याआधी ती वाचू शकत नाही.

९. राजद्रोहाचा कायदा गेला ना?

नाव गेलं. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४अ खाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ती ‘केसरी’तल्या लिखाणासाठी. स्वातंत्र्यानंतरही कलम राहिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला: सरकारवरची टीका कितीही कडक असो, हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी नसेल तर राजद्रोह नाही. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ते स्थगित ठेवायला लावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ‘राजद्रोह’ शब्द नाही, पण सार्वभौमता, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे ‘गेला’ असं मी तरी म्हणत नाही.

१०. खरं लिहिलं तरी बदनामी होते का?

फौजदारी बाजूने पाहिलं तर नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी लिहिलेलं असावं लागतं. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचा गुन्हा घटनेला धरून आहे असं ठरवलं. मला तो निकाल पटलेला नाही, पण आज तोच कायदा आहे.

दिवाणी बाजू नागरिकाला जास्त अनुकूल आहे. १९९४ मधल्या निकालानुसार सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था तुमच्यावर बदनामीच्या भरपाईचा दावा करू शकत नाही. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं असेल, तर त्यालाही तुमचा मजकूर खोटा होता आणि तुम्ही खरं-खोटं पाहण्याची पर्वाच केली नाही, हे दाखवावं लागतं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही एका काउंटी कौन्सिलला १९९३ मध्ये हेच सांगितलं होतं: निवडून आलेल्या संस्थेला टीकेपासून अब्रू वाचवायचा हक्क नाही. तेव्हा ‘नगरपालिकेची बदनामी केली’ अशी नोटीस आली, तर आधी ती कोणाच्या नावाने आहे ते पाहा.

११. माहिती अधिकाराचा आणि बोलण्याच्या हक्काचा काय संबंध?

रस्त्यावर किती खर्च झाला हेच माहीत नसेल, तर त्याबद्दल बोलणार काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राजनारायण प्रकरणात सांगितलं की सरकारचं प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. पण हक्क निकालात असणं वेगळं आणि तहसील कचेरीच्या खिडकीवर मिळणं वेगळं. ती खिडकी उघडली राजस्थानातल्या मजुरांनी. अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन हजेरीपटावरची खोटी नावं गावासमोर वाचून दाखवली. गोव्याने १९९७ मध्येच आपला कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. स्वीडनमध्ये असा कायदा १७६६ पासून आहे.

१२. महाराष्ट्रात अर्ज करायचा तर काय लागतं?

जोडपत्र ‘अ’चा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि पत्ता. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांत असावा. प्रत्येक पानाच्या प्रतीला २ रुपये. कार्यालय चुकलं तरी अर्ज परत करायचा नसतो, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ‘का’ हा प्रश्न मात्र विचारू नका. अस्तित्वात असलेला कागद मागा. ‘रस्ता का खराब झाला?’ याला उत्तर येत नाही. ‘रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयकाची प्रत’ याला यावंच लागतं. नसलेली माहिती तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. त्याच निकालाने परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही दिला.

शंका असेल तर प्रती मागण्याआधी फाइलच पाहायला मागा. पूर्ण फाइल हाताळून झाली की नेमकी कोणती सहा पानं हवीत ते कळतं. मी सगळ्यांना हेच सुचवतो.

१३. तीस दिवस झाले, उत्तरच नाही. पुढे काय?

उत्तर न देणं म्हणजेच नकार, असं कायदा मानतो. तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे प्रथम अपील करा, महाराष्ट्रात त्याला २० रुपयांचं तिकीट. निर्णय तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत यायला हवा. तोही पटला नाही किंवा आलाच नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. मुदत टळल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, ही तरतूद बऱ्याच जणांना माहीत नसते. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती असेल, तर मुदत फक्त ४८ तासांची.

चूक नेहमी इथे होते: लोक चिडून कलम १८ खाली थेट तक्रार करतात. तक्रारीवर आयोग दंड लावू शकतो, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. पण तक्रारीवर तुम्हाला माहिती द्यायचा आदेश निघत नाही, तो कलम १९ च्या अपिलावरच निघतो. कागद हवा असेल तर अपील करा. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली असतात आणि वाट पाहावी लागते, हे खरं आहे. म्हणून पहिल्या अपिलात जीव ओता.

१४. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर आलं. आता काही करता येतं का?

सध्या सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात, त्यात समतोल होता. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा तिने कुणाच्या खासगीपणावर अकारण घाला येत असेल, तरच ती नाकारता येई. सोबत एक सुंदर परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेलं अटीचं वाक्य, होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये. या एका वाक्यात मतदार आणि त्याचा प्रतिनिधी एका पायरीवर उभे होते.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू झाला. आता तिथे एवढंच आहे की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती द्यायला बांधील नाही. परंतुक गेलं. लाभार्थ्यांची यादी, बदल्या, ठेकेदाराचं नाव, जिथे माणसाचं नाव येतं ते सगळं यात ओढता येईल, अशी सार्थ भीती आहे. जनसुनवाईत वाचून दाखवलेला हजेरीपट हीसुद्धा नावांची यादीच होती.

एक दार उघडं आहे. कलम ८(२) शाबूत आहे. सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर सूट असलेली, म्हणजे एरवी नाकारता येणारी, माहितीही देता येते. फरक असा की आता ते हित तुम्ही दाखवून द्यायचं. म्हणून अर्जात कारण लिहायची सक्ती नसली (प्रश्न १२), तरी अपिलात सार्वजनिक हित दोन-तीन वाक्यांत नक्की मांडा. आणि कलम १० मागा: फोन क्रमांक, आधार, बँक खातं झाका आणि बाकीचा कागद द्या.

१५. ‘फाइल सापडत नाही’ या उत्तराचं काय करायचं?

ते लेखी घ्या. गहाळ होणं हे सूट असलेल्या कारणांत नाही. मला स्वतःला एका कार्यालयाने विहिरीच्या अनुदानाची फाइल सापडत नाही असं सांगितलं होतं. मी पुढचा अर्ज केला: फाइल शेवटची कोणाच्या ताब्यात होती त्या नोंदवहीचं पान, आणि गहाळ झाल्याची तक्रार दिली असल्यास तिची प्रत. नऊ दिवसांत फाइल सापडली. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. अपिलात त्याचा उल्लेख करा.

१६. हाउसिंग सोसायटी किंवा पतसंस्थेकडे माहिती अधिकारात अर्ज चालतो का?

सहसा नाही. सरकारचा भरीव निधी किंवा खरं नियंत्रण नसलेली सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे या कायद्याने माहिती द्यायला बांधील संस्था, ठरत नाही, असा २०१३ चा निकाल आहे. पण उपनिबंधकांचं कार्यालय सरकारी आहे. सहकार कायद्याखाली जी माहिती ते संस्थेकडून मागवू शकतात, ती तुम्ही त्यांच्याकडे मागू शकता. सभासद असाल तर सहकार कायद्याखालचा सभासदाचा हक्क वापरून थेट संस्थेकडून प्रती मिळवणं जास्त सोपं.

१७. आणि राजकीय पक्ष?

केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. देणग्यांची वाट मात्र दुसऱ्या बाजूने मोकळी झाली: १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायची सोय, रद्द केले, कारण ते मतदाराचा माहितीचा हक्क मोडत होते. तो हक्क न्यायालयाने अनुच्छेद १९(१)(क) मध्येच शोधला. पुढच्या महिन्यात कोणी किती रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने किती वटवले, हे सगळ्यांना वाचता आलं.

१८. मी दुबईत नोकरी करतो, बहीण अमेरिकन नागरिक आहे. आम्हाला गावच्या ग्रामपंचायतीची माहिती मागता येईल?

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्हाला येईल. बहिणीला नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते नागरिकत्व नव्हे (प्रश्न १). घरच्या कुणीतरी तिच्यासाठी अर्ज केला तर हरकत नाही.

१९. इंटरनेट बंद केलं, चॅनेल बंद केलं. कारण विचारलं तर ‘सुरक्षेचा प्रश्न’. यापुढे बोलणंच संपलं ना?

नाही. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलणं हेही १९(१)(क) खाली येतं, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध करावाच लागेल, म्हणजे त्याला आव्हान देता येईल. एप्रिल २०२३ मध्ये ‘मीडिया वन’ या मल्याळी वाहिनीच्या प्रकरणात सरकारने परवाना नाकारण्याची कारणं बंद पाकिटात फक्त न्यायाधीशांना दाखवली होती. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द उच्चारले म्हणजे कारण दिलं असं होत नाही, आणि सरकारच्या धोरणावरची टीका ही देशविरोधी ठरत नाही, असा तो निकाल आहे.

पुस्तकाच्या जप्तीचंही तसंच. सरकारच्या अधिसूचनेत कारणं लिहिलेली असावी लागतात आणि दोन महिन्यांत उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे आव्हान देता येतं. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरची महाराष्ट्र सरकारची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ते पुस्तक कुणाला आवडावं असं यात काही नाही.

२०. आणीबाणीत न्यायालयंही गप्प होती ना?

सगळी नव्हती. अनुच्छेद १९ स्थगित होता, वृत्तपत्रांना छापण्याआधी मजकूर सरकारी परीक्षकाला (सेन्सॉरला) दाखवावा लागे. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातले अकरा मजकूर परीक्षकाने अडवले. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये जिंकले. परीक्षकाला नियमांनी दिलेल्या अधिकारापलीकडे जाता येणार नाही, असं त्या न्यायालयाने ऐन आणीबाणीत लिहून ठेवलं. त्याच्या आधी काही आठवडे कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून बोलल्या होत्या, तेही यशवंतराव चव्हाण समोर असताना. पुढे त्यांना अटक झाली.

२१. पत्रकाराला बातमी कोणी दिली ते सांगावं लागतं का?

प्रेस कौन्सिलच्या कामकाजात नाही, १९७८ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. न्यायालयात मात्र वकिलाला अशिलाबाबत जसं संरक्षण आहे, तसं पत्रकाराला स्रोताबाबत कायद्याने नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फोनवरच्या हेरगिरीच्या पेगॅसस प्रकरणात स्रोताचं संरक्षण वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. न्यायाधीश ते लक्षात घेतील अशी अपेक्षा ठेवता येते, खात्री देता येत नाही. स्रोताला वचन देण्याआधी हे माहीत असू द्या.

२२. अर्ज केल्यावर धमकी आली. काय करू?

हे हलक्यात घेऊ नका. जमीन व्यवहार उघडकीला आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेने मंजूर केला, पण तो अंमलातच आणलेला नाही. महाराष्ट्राने पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये वेगळा कायदा केला. तो माध्यमांत काम करणाऱ्यांसाठी आहे, साध्या अर्जदारासाठी नाही.

धमकीची तक्रार पोलिसांकडे लेखी द्या आणि तिची प्रत आयोगाला पाठवा. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर टपाल पेटी क्रमांक देता येतो, कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते मान्य केलं आहे. सर्वात उपयोगी पडतं ते हे: तोच अर्ज त्याच शब्दांत आणखी पाच-दहा जणांनी वेगवेगळ्या गावांतून करावा. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये ठराव केला आहे की माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याने स्वतःहून संकेतस्थळावर टाकावी, असा आदेश आयोग देईल. तुमच्या अर्जाच्या खाली या ठरावाचा उल्लेख करा, आणि पोच घेतलेली प्रत घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा.